परत येण्याचं कारण

बत्तिशीने परदेशात जाऊन एका माणसाशी लग्न केलं, त्याने तिला अकरा आठवड्यांत परत पाठवलं आणि एवढ्या सगळ्या उपद्व्यापात तिच्या हाती काय लागलं, तर त्याचा एक मफलर! ही बातमी पहिल्यांदा कोणी फोडली ते विचारू नका. सांगणारी प्रत्येक बाई "मी कुठं काय म्हणतेय, मला आपलं कळलं" असंच म्हणते. मफलर मात्र खरा. दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत, दाराशेजारच्या खुंटीवर लटकलेला, करडा, एका टोकाला उसवलेला. आणि पुरुषाचा. ज्यांना समोरची बस दिसत नाही त्यांनाही तो लांबून दिसला.

बत्तिशी हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नाही. बाई कवळ्या करते. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं. कोणाचं हसू स्वतःचं आणि कोणाचं रात्री पेल्यात भिजत पडतं, हे तिला एकटीला ठाऊक, आणि तिने ते आजवर कोणापुढे ओठावर आणलेलं नाही. एवढं गुपित पोटात ठेवणाऱ्या बाईशी गप्पा तरी काय मारणार? म्हणून लोक तोंडावर तिला ताई म्हणत, कवळी घेऊन जात, आणि पाठ वळली की बत्तिशी.

वय सत्तेचाळीस. चष्मा कपाळावर, बोटांना मेणाचा वास, चपलांवर कायम प्लास्टरची पांढरी भुकटी. ती भुकटी रस्त्यात उमटायची, त्यामुळे बत्तिशी कुठून कुठे गेली हे शोधायला गावाला फार कष्ट पडत नसत. गेली कुठे, तर दवाखान्यातून खोलीवर आणि खोलीवरून दवाखान्यात. तिच्या कामाच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर गावाचे जबडे. प्लास्टरचे, मागे पेन्सिलीने नाव लिहिलेले. माणूस वारला की त्याचा जबडा ती सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची. डॉक्टर म्हणायचे, "अगं, टाकून दे. म्युझियम काढतेस की काय?" ती "टाकते" म्हणायची आणि टाकायची नाही. वरच्या फळीवर डावीकडून तिसरा जबडा तिच्या आईचा होता.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून बत्तिशीने एक सवय लावून घेतली होती. सकाळी खोलीला कुलूप घालताना ती आत रेडिओ चालू ठेवायची. संध्याकाळी जिना चढताना आतून कोणाचा तरी आवाज यायचा. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, काहीही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी यावरूनही कुजबुज केलीच होती, "दिवसभर वर कोण बोलत असतं हो?" पण ती कुजबुज फार चालली नाही, कारण रेडिओवर मधूनमधून जाहिराती लागायच्या.

दवाखान्याचे डॉक्टर सत्तरीच्या पुढचे. दर सहा महिन्यांनी दात तपासून घ्या, असं अख्ख्या गावाला दटावणारे. आता जाता जाता सांगून टाकतो, त्यांच्या तोंडात स्वतःचा म्हणून एकही दात नाही. वरची खालची दोन्ही बत्तिशीच्या हातची. चौदा वर्षं झाली, कोणाला पत्ता नाही.

तर या डॉक्टरांकडे एके दिवशी कंडक्टर आले. बसवर अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झालेले. दारात उभं राहून घंटी ओढायची सवय. शेजारून गेलेल्या ट्रकच्या आरशाने डावा कान नेला, त्याला सात वर्षं झाली होती. तेव्हापासून ऊन असो की थंडी, डोक्याला मफलर. मुलाच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मफलर. आले होते दाढ काढायला. दाढ निघाली, आणि जाताना खाली बघत म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या बाई दात करतात ना. कान नाही का करत?"

डॉक्टर हसले. आतल्या खोलीत बत्तिशी हसली नाही. तिने कंडक्टरांना स्टुलावर बसवलं, उजव्या कानाचं माप घेतलं, ते उलटं करून मेणात डावा कान कोरला, आणि दहा दिवसांत कान तयार केला. कान म्हणजे कान! पाळी, वळणं, मागची घडी, बोट ठेवायला जागा नाही. फक्त एकच झालं. तिच्याकडे दुसरं साहित्य नव्हतं. जे कवळ्यांना वापरतात तेच प्लास्टिक तिने वापरलं, हिरड्यांच्या रंगाचं. कान झाला गुलाबी. नुसता गुलाबी नाही, ओल्या हिरडीसारखा चकचकीत.

कंडक्टरांनी तो एक दिवस लावला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून परत घेऊन आले. डोक्याला मफलर.

"बाई, काम एकदम फर्स्टक्लास आहे," ते म्हणाले. "फक्त ऊन पडलं की चमकतो."

"लोक हसले?"

"लोक कशाला हसतील? नातू हसला. पण तो मला बघून कधीही हसतो." मग म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला सवय आहे याची," आणि मफलर नीट केला.

बत्तिशीने मनाला लावून घेतलं. तिच्या हातून वीस वर्षांत कवळ्या सैल झाल्या होत्या, टोचल्या होत्या, एकदा तर दोन माणसांच्या कवळ्यांची अदलाबदलही झाली होती. पण तिची वस्तू माणसाने लाजून कागदात गुंडाळून आणावी, असं कधी झालं नव्हतं. तो कान तिने टेबलाच्या खणात ठेवला आणि पुढे दोन महिने खण उघडला की तो तिच्याकडे बघायचा. कानाने बघणं शक्य नसतं हे तिलाही कळत होतं.

डॉक्टरांकडे येणाऱ्या धंद्याच्या मासिकात तिला ती जाहिरात दिसली. परदेशातली एक शाळा, अकरा आठवड्यांचा कोर्स. सिलिकॉनचे कान, नाक, बोटं. कातडीचे रंग कसे जुळवायचे, इथपासून. तिने डॉक्टरांच्या मदतीने पत्र लिहिलं, कामाचे फोटो पाठवले, आणि तिला चक्क जागा मिळाली. नऊच जागा होत्या. पुढचा कोर्स दोन वर्षांनी. शाळेने स्पष्ट कळवलं होतं की शेवटचे चार आठवडे इस्पितळात खऱ्या पेशंटवर काम करायचं आहे, म्हणून भेटीच्या व्हिसावर आलात तर वर्गात घेणार नाही. अल्प मुदतीचा विद्यार्थी व्हिसाच लागेल. तो नाकारला गेला तर जागा दुसऱ्याला.

ते पत्र घेऊन बत्तिशी व्हिसावाल्याकडे गेली. बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर त्याचं ऑफिस. तिशीतला, बोलका, टेबलावर विमानाचं छोटं मॉडेल. शेजारच्या टेबलावर त्याची टायपिस्ट. या टायपिस्टला नीट लक्षात ठेवा. तिचे हात कीबोर्डवर आणि कान सगळीकडे असायचे.

"ताई, अकरा आठवडे म्हणजे काय? वाळत घातलेले कपडे वाळेपर्यंत परत याल," व्हिसावाला म्हणाला. "टूरिस्ट टाकूया. कटकट नाही. तिकडे कोणी नातेवाईक?"

बत्तिशीने शाळेच्या पत्राची घडी घातली. "भाऊ आहे."

"अहो मग आधी सांगायचं ना! भावाचं बोलावण्याचं पत्र आणा, बाकी माझ्यावर सोडा."

"शाळेने विद्यार्थी व्हिसा म्हटलंय."

"शाळा म्हणणारच. त्यांचं काय जातं?"

"आणि तिकडे उतरल्यावर विचारलं, कशाला आलात, तर?"

"सांगायचं, भावाकडे आले. फिरायला."

"बॅगेत मेण कोरायचे सहा चाकू घेऊन?"

टायपिस्ट फिसकन हसली. व्हिसावाला नाही हसला. त्याने फॉर्म पुढे सरकवला आणि विद्यार्थी व्हिसाचा जो प्रश्न त्याला स्वतःला आवडत नव्हता, त्यावर बोट ठेवलं. कोर्स संपल्यावर आपण मायदेशी का परताल, सविस्तर लिहा.

"इथे गाडी अडते. इथे त्यांना दाखवायला लागतं, की इकडे आपलं काहीतरी आहे. नवरा?"

"नाही."

"मुलंबाळं... बरं. स्वतःचं घर?"

"भाड्याचं."

"आईवडील?"

'वरच्या फळीवर' असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. ती म्हणाली, "नाहीत."

व्हिसावाल्याने पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. "ताई, मी तुम्हाला घाबरवत नाही. पण एकदा नाकारला की तो शेरा कायमचा राहतो. यांना वाटणार, ही बाई परत कशाला येईल? मलाच कळत नाहीये, तर त्यांना काय कळणार?"

जिना उतरताना बत्तिशी तेच म्हणत होती. कशाला येईल? हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. ती रोज संध्याकाळी परत यायची ती रेडिओकडे.

त्या रविवारी तिने भावाला फोन केला. आईच्या वर्षश्राद्धानंतर पहिल्यांदा.

"अगं ये की!" भाऊ म्हणाला. "म्हणजे, ये. कधी म्हणतेस? हां... तेव्हा काय आहे, हिची आई आलेली असणार. खोली एकच आहे जादा. पण ये. पत्र ना, पत्र पाठवतो, त्यात काय एवढं."

"तू कसा आहेस दादा?"

"मजेत. बरं ऐक, ठेवतो, दारात कोणीतरी आलंय."

पत्र आलं, नाही असं नाही. त्यात लिहिलं होतं की माझी बहीण आमच्या भेटीला येत आहे, तिला शहर बघायचं आहे, आणि तिच्या राहण्याजेवणाची व्यवस्था ती स्वतः दुसरीकडे करणार आहे. दार उघडून उंबऱ्यातच हात जोडावेत, तसं ते आमंत्रण. बत्तिशीने ते दोनदा वाचलं. कवळीची उंची अर्धा मिलिमीटर चुकली, तर वरून सगळं छान दिसतं आणि पहिल्याच घासाला माणूस कळवळतो. या पत्राचं तसं होतं. त्यावर व्हिसा मिळाला असता. पण पहिल्याच माणसाने काही विचारलं असतं, तर तिला भावाच्या घराचा पत्ता सांगून खोटं बोलावं लागलं असतं, आणि त्या घरात आपल्याला जागा नाही हे आपण बोलून दाखवतोय, असं तिला प्रत्येक वेळी वाटलं असतं. तिने पत्र खणात टाकलं. गुलाबी कानाच्या शेजारी.

"विद्यार्थीच टाका," तिने व्हिसावाल्याला सांगितलं.

त्याने कपाळाला हात लावला. मग त्याला एकदम सुचलं. "हे बघा, आपण लिहू, लग्न ठरलंय. आल्यावर लगेच आहे. कोणी तपासत नाही."

"कोणाशी?"

"कोणाशीही! नाव थोडंच विचारतात."

"म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं, आणि ते मला तुमच्या फॉर्मवरून कळणार!"

या वेळी टायपिस्ट हसली नाही. तिने टाइप करणंच थांबवलं होतं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं होतं की बत्तिशीचं लग्न ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा परदेशातला झाला. दुपारपर्यंत तो बिजवर झाला आणि त्याला दोन मुलगे झाले. गाव एकदा मनावर घेतं तेव्हा फार वेगाने संसार उभा करतं.

डॉक्टरांनी हे ऐकलं आणि आतल्या खोलीत येऊन दार लावून घेतलं. "अभिनंदन करू का?"

"डॉक्टर, थट्टा पुरे. मी काय लिहू त्या चौकटीत? मला खरंच काही सुचत नाही."

डॉक्टर बोलायला गेले आणि त्यांची वरची कवळी टाळूवरून सुटली. जिभेने जागेवर बसवत ते म्हणाले, "हेच लिही."

"काय?"

"हिरड्या झिजतात. काहीही केलं तरी झिजतात. तुझी एकूण एक कवळी सैल होणार आणि ते सगळे तुझ्याकडेच येणार. मी सगळ्यात आधी. यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. तिने तेच लिहिलं. मी या गावात नऊशेच्या वर कवळ्या केल्या आहेत, हिरड्या झिजल्या की त्या सैल होतात, आणि त्यांची मापं माझ्याकडे आहेत. खाली जागा उरली, म्हणून आणखी एक ओळ लिहिली. एक कान चुकला आहे, तो मला पुन्हा करायचा आहे. व्हिसावाल्याने ते वाचून नुसती मान हलवली. पैजेवर सांगायचं तर त्याने तेव्हाच तिची फाइल मनातल्या मनात बंद केली.

मुलाखतीला मोठ्या शहरात जावं लागलं. रांग, काचा, नंबराचे कागद. तिचा नंबर आला तेव्हा काचेपलीकडे एक थकलेली अधिकारी बाई बसली होती.

"घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही."

"तिकडे भाऊ आहे असं लिहिलंय. त्याच्याकडे राहणार?"

"नाही. शाळेने खोली दिली आहे."

अधिकारी बाईने मान वर केली. "मग तुम्ही परत कशाला याल?"

आजूबाजूच्या खिडक्यांवर लोक घराची कागदपत्रं, मुलांचे फोटो दाखवत होते. बत्तिशीने पर्समधून वर्तमानपत्राची पुडी काढली, सोडली आणि काचेखालच्या फटीतून गुलाबी कान आत सरकवला.

अधिकारी बाई खुर्चीत मागे सरकली. मग हळूच पुढे वाकली. "हा इतका गुलाबी का?"

"हिरड्यांचा रंग आहे. माझ्याकडे तेवढाच होता."

"हा घालतं कोण?"

"कोणी नाही. म्हणूनच जायचंय." बत्तिशीला वाटलं आणखी काही सांगावं, तर तिला एवढंच सापडलं, "तिथे शिकून तिथे राहिले तर उपयोग काय? या कानाचा माणूस इकडे आहे."

अधिकारी बाईने कान हातात घेतला, पालथा केला, मागची घडी बघितली. "कोरलाय मात्र छान," ती म्हणाली आणि तो परत सरकवला. बारा दिवसांनी पासपोर्ट आला. आत विद्यार्थी व्हिसा.

तिकडची खोली लहान होती. खिडकीतून समोरच्या धोबीखान्याची यंत्रं दिसायची, गरगर फिरणारी. वर्गात नऊजण. पहिल्या दिवशी जोड्या लावून एकमेकांच्या कानाची मापं घ्यायची होती. नऊ म्हणजे एक उरणार, आणि कोण उरणार हे सांगायला नको. मास्तरीण जवळ आली, तेव्हा बत्तिशीने बॅगेतून प्लास्टरचा कान काढला. कंडक्टरांचा उजवा. "माझ्याकडे आहे," तिने खुणेने सांगितलं. अकरा आठवडे तिची जोडी त्या कानाशीच राहिली.

कातडी एका रंगाची नसते, हे ती तिकडे शिकली. सात रंग लागतात, आणि शिरा दाखवायला लाल लोकरीची भुकटी, चिमटीत मावेल इतकी. इस्पितळात तिने एका म्हाताऱ्याला नाक बसवलं, आणि तो तिच्या भाषेतलं एक अक्षर न कळता तिचा हात धरून बराच वेळ बसला. खोलीवर आल्यावर ती टेबलावर ठेवलेल्या प्लास्टरच्या कानाशी बोलायची. आज काय झालं, भाजीत मीठ जास्त पडलं, डॉक्टरांची वरची सुटली असेल आत्तापर्यंत. तिथे मराठी कळणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि कान निदान मध्येच फोन ठेवत नव्हता.

भाऊ गाडीने चाळीस मिनिटांवर राहायचा. पहिल्या रविवारी तिने फोन केला. "या रविवारी नको गं, पुढच्या ये," भाऊ म्हणाला. पुढच्या रविवारी त्याच्या मेहुण्याचं काहीतरी होतं. त्याच्या पुढच्या रविवारी तो बाहेरगावी. सहाव्यानंतर तिने फोन करणं सोडलं, तरी रविवारी ती बाहेर जायचे कपडे घालून बसायची. कोर्समध्ये अकरा रविवार होते. भावाचा पुढचा रविवार बारावा निघाला.

ती परत आली तेव्हा बसस्टँडवर टायपिस्टच भेटली. तिने बत्तिशीच्या मागे डोकावून बघितलं.

"एकट्याच आलात, ताई?"

"एकटीच गेले होते," बत्तिशी म्हणाली. पण हे उत्तर कोणाच्या उपयोगाचं नव्हतं, त्यामुळे ते पुढे कोणी सांगितलं नाही.

खोलीचं कुलूप काढलं. आत शांत होतं. जाताना रेडिओ बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तोंडातून वरची कवळी काढून तिच्या हातावर ठेवली. "दोन महिने मी फक्त हूं हूं करतोय," ते म्हणाले, बोळक्या तोंडाने. मग तिने कंडक्टरांना निरोप धाडला.

कंडक्टर चारदा आले. रंग उन्हातच जुळवावा लागतो, म्हणून ती त्यांना सकाळी खिडकीशी बसवायची, त्यांच्या गालाजवळ तोंड नेऊन बघायची, एक थेंब तांबडा, अर्धा थेंब पिवळा. कंडक्टर हलायचे नाहीत. जुन्या मार्गांच्या गोष्टी सांगायचे. कोणत्या थांब्यावर कोण न चुकता उशिरा यायचं, कोणासाठी ते घंटी ओढायला जरा वेळ लावायचे. ती "हं" म्हणायची. त्या खोलीत वीस वर्षांत एवढं बोलणं झालं नव्हतं. खरं सांगायचं तर तिसऱ्या वेळीच रंग जुळला होता. तिने त्यांना चौथ्यांदा बोलावलं.

चौथ्या दिवशी कान बसला. तिने आरसा दिला. कंडक्टरांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, मग खिडकीत जाऊन भर उन्हात बघितलं.

"चमकत नाही," ते म्हणाले.

"नाही चमकणार."

"बाई, आता दोन्ही बाजूंनी शिव्या ऐकू येतील सुनेच्या." ते हसले आणि त्यांचे डोळे भरून आले, म्हणून ते घाईघाईने बाहेर पडले. बत्तिशी खिडकीतून बघत राहिली. ते कोपऱ्यापर्यंत गेले. एकदाही हात डोक्याकडे गेला नाही. कोपऱ्यावर भाजीवालीने त्यांना काहीतरी विचारलं, तेव्हा तिला ऐकण्यासाठी त्यांनी डावी बाजू पुढे केली.

पुढच्या आठवड्यात टायपिस्ट सासूची कवळी न्यायला आली आणि तिला खुंटी दिसली.

मफलर कंडक्टरांचा आहे. सात वर्षं गावाने तो डोक्याला गुंडाळलेला बघितला होता, खुंटीवर कोणाला ओळखू आला नाही. कान बसला त्या दिवशी ते तो विसरून गेले. त्यांना त्याची गरज उरली नव्हती, आणि तिने कळवलं नाही. तिकडे तिचं कोणी नव्हतं. कोर्स अकरा आठवड्यांचा होता, तो संपल्यावर ती परत आली.